गाठाळ लाकूड: ‘नार्ल्ड’ शब्दाचं मूळ आणि बांधावरच्या बाभळीचा बुंधा

चोपडा तालुक्यातून आलेल्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. पहिला भाग असा: इंग्रजी वाचनात जुन्या ओक वृक्षाला ‘नार्ल्ड’ हे विशेषण लावलेलं आढळलं. कोशात त्याचा अर्थ नुसता ‘गाठाळ’ दिलाय. मग नॉट, बर्ल, नर्ल या शब्दांत फरक काय, आणि हा शब्द मुळात आला कुठून? दुसरा भाग: शेताच्या बांधावरची जुनी बाभूळ वाऱ्यात पडली. तिच्या बुंध्याला हातभर रुंदीचा फुगवटा आहे. कुऱ्हाड आणि पाचर दोन्ही त्यात अडकून बसतात. हे जळणातच घालायचं, की त्याचं काही होऊ शकतं?

दोन्ही भागांचं उत्तर एकत्रच देतो, कारण हे शब्द लाकूड फोडणाऱ्यांच्या आणि तासणाऱ्यांच्या कामातूनच घडले आहेत. प्रत्येक शब्द लाकडातल्या वेगळ्या दोषाचं नाव आहे. कोणता दोष समोर आहे हे ओळखलं की हत्यार कोणतं घ्यायचं तेही ठरतं.

आधी उच्चार. नार्ल्ड लिहिताना सुरुवातीला ‘जी’ अक्षर येतं, पण ते उच्चारायचं नाही. नॉटमधल्या ‘के’चंही तसंच. जुन्या इंग्रजीत हा ‘क्’ बोलला जात असे, तेव्हा शब्द होता ‘क्नोट्टा’. जर्मनमध्ये आजही ‘क्नोटन’ म्हणताना तो स्पष्ट ऐकू येतो. इंग्रजांच्या तोंडून तो सतराव्या शतकाच्या सुमारास गळला, स्पेलिंगमध्ये मात्र राहिला.

नार्ल्डचं कूळ नॉटच्या शेजारचं, पण वेगळं. मध्ययुगीन इंग्रजीत ‘क्नार’ म्हणजे झाडाच्या खोडावरची टणक गाठ. जर्मनमधला ‘क्नोरन’ त्याचाच भाऊ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज कवी चॉसरने उजाड रानाचं वर्णन करताना झाडांना ‘नॉटी’ आणि ‘क्नारी’ अशी दोन विशेषणं एकापाठोपाठ लावली. त्याच कवीने एका आडदांड, रुंद खांद्यांच्या गिरणीवाल्याला सरळ ‘क्नार’ म्हटलं. म्हणजे लाकडाची गाठ माणसाच्या बांध्याला लावायची सवय तेव्हापासूनची आहे. ‘क्नार’चंच दुसरं रूप म्हणजे के, एन, यू, आर या अक्षरांचा ‘नर’, आणि त्याचं लघुरूप ‘नर्ल’. हा नर्ल जळगावच्या एमआयडीसीत लेथवर, म्हणजे वस्तू गोल फिरवून तासायच्या यंत्रावर, काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. गोल दांडीवर पकडीसाठी खरखरीत नक्षी उठवतात त्या कामाचं नाव ‘नर्लिंग’, आणि ते याच गाठीवरून पडलं. इंग्लंडच्या उत्तरेला टणक लाकडी गोळा उडवून दांडक्याने लांब टोलवायचा एक जुना खेळ आहे, आपल्या विटीदांडूच्या जातीचा. त्या गोळ्यालाही ‘नर’च म्हणतात.

आता नार्ल्ड. हे रूप पहिल्यांदा ठळकपणे दिसतं ते शेक्सपिअरच्या ‘मेझर फॉर मेझर’ या नाटकात. नाटक साधारण १६०४ चं, छापलं गेलं १६२३ च्या फोलिओ ग्रंथात. त्यात इझाबेला म्हणते की देवाची वीज पाचर न शिरणाऱ्या, गाठाळ ओकला चिरते, मऊ मर्टलच्या झुडपाला नाही. या वाक्यात ‘नार्ल्ड’च्या शेजारी ‘अनवेजेबल’ हा शब्द आहे, म्हणजे ज्याला पाचर लागू होत नाही असा. लाकूडतोड्याला नार्ल्डचा अर्थ त्या शेजारच्या शब्दातूनच कळतो. पुढे दोनेकशे वर्षं शब्द फारसा वापरात नव्हता. एकोणिसाव्या शतकात कवींनी आणि कादंबरीकारांनी तो उचलला, आणि त्यावरून मागे जाऊन ‘नार्ल’ हे नाम तयार झालं. म्हणजे विशेषण आधी आणि नाम नंतर, असा उलटा प्रवास. आज म्हाताऱ्या माणसाच्या सांधे सुजलेल्या बोटांनाही नार्ल्ड म्हणतात. एक सावधगिरी: कोशात ‘नार्ल’चा ‘गुरगुरणे’ असाही अर्थ दिसेल. तो वेगळा शब्द आहे, लाकडाशी त्याचा संबंध नाही.

बर्ल तर लाकडाचा शब्दच नव्हता. तो कापडाचा. जुन्या फ्रेंचमधला ‘बूर्ल’ म्हणजे लोकरीचा पुंजका, आणि त्यामागे उत्तरकालीन लॅटिनमधलं ‘बुर्रा’, म्हणजे जाडीभरडी लोकर. विणलेल्या कापडावर राहिलेल्या सुताच्या गुठळ्या चिमट्याने काढायच्या कामाला लोकरीच्या धंद्यात ‘बर्लिंग’ म्हणत. कापूस पिकवणाऱ्या मुलखात ही गुठळी वेगळी समजावून सांगायला नको. तिच्यासारखाच झाडावरचा फुगवटा दिसला आणि नाव तिकडे गेलं. अमेरिकेत बर्ल म्हणतात, ब्रिटनमध्ये त्याच फुगवट्याला बहुतेक वेळा ‘बर’ म्हणतात.

मराठीत आपण या सगळ्याला ‘गाठ’ म्हणतो आणि ते पुरतं. पण काम करताना तीन गोष्टी वेगळ्या ओळखाव्या लागतात.

पहिली, नॉट. ही फांदीची मुळी. फांदी खोडाच्या गाभ्यापाशी सुरू होते. खोड दरवर्षी जाड होत जातं तसा फांदीचा बुडखा त्यात गाडला जातो. फळी कापली की तो गोल किंवा लांबट डोळ्यासारखा दिसतो. फांदी जिवंत असताना खोडाने तिला वेढलं असेल तर तिचे तंतू खोडाच्या तंतूंशी एकजीव असतात. ही जिवंत गाठ, ती सुटत नाही. फांदी मेल्यावर खोड वाढलं असेल तर भोवती सालीची काळी कड राहते. ही मेलेली गाठ. लाकूड वाळलं की ती आकसते आणि बोटाने ढकलली तरी भोकातून बाहेर येते. वखारीत फळी घेताना गाठीभोवती काळी कड आहे का एवढं बघितलं तरी निम्मं काम झालं.

दुसरी, नार्ल्ड लाकूड. यात एकच गाठ नसते, तंतूच पीळ घेतलेले आणि एकमेकांत अडकलेले असतात. वाऱ्याने वाकलेलं खोड, बेचक्याचा भाग, वर्षानुवर्षं पाला छाटलेलं झाड, या ठिकाणी हे सापडतं. सातपुड्याच्या पायथ्याचा अंजन याचं ठळक उदाहरण. गुरांच्या चाऱ्यासाठी त्याच्या फांद्या सतत तोडतात, प्रत्येक घावाभोवती झाड नवं लाकूड वळवून भरतं, आणि जुन्या अंजनाचं डोकं गाठींचा गोळा होऊन बसतं. भारतातल्या सगळ्यात जड लाकडांत अंजन येतो, त्यात ही भर. पण अशा अडकलेल्या तंतूंचा फायदाही होतो. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा चहूबाजूंनी आऱ्यांसाठी भोकं पाडूनही फुटता कामा नये, म्हणून तिथे सरळ रेषेचं लाकूड चालत नाही. आपल्याकडे बाभूळ वापरली, इंग्लंडमध्ये त्याच कारणासाठी एल्म वापरलं.

तिसरी, बर्ल. जखम, कीड किंवा जंतूचा संसर्ग झाला की एखाद्या जागी झाडाचे सुप्त कोंब शेकड्यांनी फुटू पाहतात आणि सालीखालीच दबून राहतात. लाकूड त्यांच्याभोवती भोवऱ्यासारखं फिरत वाढतं. कापल्यावर बारीक डोळ्यांची दाट नक्षी दिसते. मोटारींच्या डॅशबोर्डवर अक्रोडाच्या बर्लचा पातळ पापुद्रा लावत. तंबाखूचे ब्रायर पाइप भूमध्य समुद्राकाठच्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या जमिनीतल्या गड्ड्यापासून करतात. आपल्याकडे जुन्या निंबाच्या आणि चिंचेच्या खोडावर असे फुगवटे सहज दिसतात. प्रत्येक फुगवटा बर्ल नसतो, हेही लक्षात ठेवा. तोडलेली फांदी सालीने झाकली गेली तरी तसाच उंचवटा येतो, आणि आत बहुतेक वेळा कुजलेली पोकळी असते. हातोडीने ठोकून पाहा. भरीव, बारीक आवाज आला तर आत लाकूड आहे. बद्द आवाज आला तर कापण्यात वेळ घालवू नका.

तुमच्या बाभळीचा फुगवटा यांपैकी कोणता, हे वरून एक चकती कापल्याशिवाय ठरणार नाही. पण आधी अंदाजासाठी साल काढून बघा. आतला पृष्ठभाग बारीक टोकदार पुळ्यांनी भरलेला असेल तर बर्ल. गुळगुळीत पण पिळलेला असेल तर नार्ल्ड बुंधा. दोन्हींत कुऱ्हाड अडकण्याचं कारण एकच. पाचर लाकूड कापत नाही, ती तंतूंच्या मधून वाट काढते. तंतू सरळ असले तर चीर पुढे पळते. ते आडवे-तिडवे असले तर चीर दोन बोटांवर थांबते आणि पाचर दाबून धरली जाते. इथे जोर वाढवून उपयोग नाही. घण मारत राहिलं तर लोखंडी पाचरेच्या डोक्याचा तुकडा उडून डोळ्यात जाण्याचा धोका खरा आहे. जळणच करायचं असेल तर मधोमध न मारता कडेने तीन-चार बोटं जाडीच्या कपच्या काढत आत जा, आणि बेचक्याचा भाग करवतीनेच कापा.

पण जळणात घालू नका असं माझं स्पष्ट मत आहे. बाभळीचं लालसर तपकिरी गाभ्याचं लाकूड टणक आणि टिकाऊ असतं, आणि त्यात नक्षी असेल तर वाडगे, डबे, हत्यारांच्या मुठी, चौरंगाचा माथा यांसाठी ते सागापेक्षा सरस दिसतं.

सॉमिलवर नेण्याआधी खिळे आणि तार शोधा. बांधावरच्या झाडाला काटेरी तार ठोकलेली असते आणि वीस-पंचवीस वर्षांत खोड ती गिळून टाकतं. बाभळीत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर असतं, म्हणून लोखंड असलेल्या जागेभोवती लाकूड निळसर काळं पडतं. कापलेल्या टोकावर असा डाग दिसला तर तो भाग बाजूला काढा. मिलचं पातं तुटलं तर नुकसान तर होतंच, शेजारी उभ्या माणसालाही इजा होते. याच टॅनिनमुळे बाभळीच्या वस्तूला पुढे साधे लोखंडी स्क्रू लावू नका, पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचे लावा.

आता वाळवणं. खानदेशात गाठाळ लाकूड सगळ्यात जास्त वाया जातं ते इथेच. सरळ लाकडात ओल मुख्यतः दोन टोकांतून वेगाने जाते, म्हणून टोकांना मेण लावलं की भागतं. बर्लमध्ये तंतू सगळीकडे वळलेले असल्यामुळे प्रत्येक बाजू टोकासारखीच वागते. वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओला भाग आकसत नाही, आणि वर तडे जातात. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि हवा कोरडी वाहते. अशा हवेत उघडा ठेवलेला ओला तुकडा काही दिवसांत चिरफळतो. म्हणून कापणी शक्यतो दिवाळीनंतर करा, म्हणजे पहिले तीन-चार महिने थंडीत जातात. कापल्या दिवशीच पूर्ण तुकड्याला वितळलेल्या पॅराफिन मेणाचा थर द्या. मेण नसेल तर जुन्या ऑइल पेंटचे दोन जाड हात चालतात. तुकडे जमिनीपासून वीतभर उंच फळीवर, बंद खोलीत, वारा थेट लागणार नाही असे ठेवा. पत्र्याच्या शेडखाली ठेवू नका.

लेथ असेल तर याहून चांगला मार्ग आहे. वाडगा ओला असतानाच ढोबळ घडवून ठेवायचा. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या भागाएवढी ठेवा: २०० मिमी व्यासाच्या वाडग्याला २० मिमी. भिंत सगळीकडे सारखी हवी, नाहीतर जाड जागी तडा जातो. मग तो कोरड्या भुश्यात किंवा कागदी पिशवीत ठेवा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून पेन्सिलीने त्यावरच लिहा. सलग तीन आठवडे वजन बदललं नाही की लाकूड तिथल्या हवेशी जुळलं असं समजा. तोवर वाडगा लंबगोल झालेला असेल. २० मिमी जाडी ठेवलेली असते ती त्यासाठीच, आता गोल करून ८-१० मिमीवर आणा. घडवताना २०० मिमीच्या तुकड्याला सुरुवातीची गती मिनिटाला ५०० ते ६०० फेऱ्यांच्या वर नेऊ नका. बर्लमध्ये सालीचे कप्पे दडलेले असतात आणि तिथून तुकडा निसटतो. तोंडावर पूर्ण पारदर्शक ढाल आणि नाकाला मास्क हवाच. दिसणाऱ्या चिरांमध्ये पातळ इन्स्टंट ग्लू जिरवून घ्या.

बाहेरचा पांढुरका भाग शक्यतो काढून टाका. बाभळीच्या या भागात घुण हमखास लागतो. मैद्यासारखी पूड पडू लागली की तो आत आहे असं ओळखावं. नक्षीसाठी पांढरा भाग ठेवायचाच असेल तर १ लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून, मेण लावण्याआधी ब्रशने दोन-तीन वेळा पाजा. खाण्याच्या भांड्यासाठी हे करू नका, तिथे पांढरा भाग कापलेलाच बरा.

रंधा मारताना गाठीपाशी लाकूड उपटतं, कारण तिथे तंतूंची दिशा दोन-तीन इंचांत उलटते. एका बाजूने रंधा नीट चालतो आणि गाठ ओलांडली की तोच रंधा तंतूंच्या खाली शिरून चकल्या काढतो. उपाय पातं आणि त्यावरची टोपी, म्हणजे पात्यावर घट्ट बसवलेली लोखंडी पट्टी, यांत आहे. पात्याला २५ अंशांचा उतार, धारेवर ३० अंश. टोपी धारेपासून साध्या कामाला दीड मिमी मागे असते, ती ०.३ ते ०.४ मिमीपर्यंत पुढे आणा. मग छिलका उचलला जाण्याआधीच मोडतो आणि चीर पुढे पळत नाही. छिलका कागदाएवढा पातळ घ्या आणि रंधा तिरका धरून चालवा. एवढ्यानेही उपटत असेल तर पात्याच्या सपाट बाजूला १५ अंशांचा अगदी बारीक उतार द्या. साध्या लोखंडी रंध्यात पातं ४५ अंशांवर बसलेलं असतं, त्यामुळे कापण्याचा कोन ६० होतो. ढकलायला जड जातं, पण पृष्ठभाग साफ निघतो. बर्लवर मात्र रंधा मुळातच नको. जुन्या करवतीच्या पात्याचा आयताकृती तुकडा कानशीने सरळ करून, कडेला पोलादी दांडी घासून बारीक आकडी उठवली की उत्तम खरवडणी मिळते. त्यानंतर काचकागद ८०, १२०, १८०, २४० या क्रमाने. कागद लाकडी ठोकळ्याला गुंडाळूनच घासा. बोटाने घासलं तर भोवतालचं मऊ लाकूड जास्त झिजतं आणि टणक गाठ वर राहते. पॉलिश चढलं की तो उंचवटा उजेडात लगेच दिसतो.

मेलेली गाठ फळीत असेल तर पुट्टी भरून भागवू नका, उन्हाळ्यात ती सुटते. गाठ पूर्ण खोदून काढा, ८ ते १० मिमी खोल. त्याच जातीच्या लाकडाची गुडदी, रेषा फळीच्या रेषेला समांतर ठेवून चिकटवा आणि वाळल्यावर सपाट करा. काळ्या डोळ्याची जागा तशीच दाखवायची असेल तर इपॉक्सीत त्याच लाकडाचा बारीक भुसा कालवून भरा. गाठीजवळ खिळा ठोकू नका. स्क्रूसाठी आधी भोक पाडा, ८ नंबरच्या स्क्रूला टणक लाकडात ३ ते ३.२ मिमीचं.

धाब्याच्या घराच्या तुळईसाठी किंवा पत्र्याच्या आधारासाठी गाठाळ लाकूड घेताना गाठ कुठे आहे हे तिच्या आकाराइतकंच महत्त्वाचं. दोन टोकांवर टेकलेल्या तुळईची खालची कड ताणली जाते, आणि सगळ्यात जास्त ताण मधल्या तिसऱ्या भागात असतो. १५ सेंमी उंचीच्या तुळईच्या खालच्या कडेला तिथेच ४ सेंमीची गाठ असेल तर कामाची उंची ११ सेंमीच उरली असं धरा. वाकण्याची ताकद उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणजे ११ भागिले १५ चा वर्ग: सुमारे ५४ टक्के. प्रत्यक्षात त्याहूनही कमी, कारण गाठीभोवतीचे तंतूही तिरके गेलेले असतात. तीच गाठ उंचीच्या मधोमध किंवा टेकलेल्या टोकापाशी असेल तर फारसा फरक पडत नाही. कडेची गाठ टाळता येत नसेल तर तुळई उलटी करून गाठ वर घ्या. वरची कड दाबली जाते, आणि घट्ट, जिवंत गाठ दाब बऱ्यापैकी सोसते.

वखारीत पॅकिंगच्या पेट्यांचं पाइन लाकूड स्वस्त मिळतं. त्याच्या गाठींत राळ असते आणि उन्हाळ्यात ती रंगातून पिवळी झिरपते. १ लिटर स्पिरिटमध्ये २०० ते २५० ग्रॅम चपडी लाख रात्रभर भिजवून, गाळून, फक्त गाठींवर आणि भोवती बोटभर जागेवर दोन हात द्या, मग रंग लावा. बाभळीला हे लागत नाही. तिच्यावर बेलतेलाचे (रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या जवसाच्या तेलाचे) पातळ हात पुरतात: लावून वीस मिनिटांनी फडक्याने पूर्ण पुसायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा, असे तीन-चार वेळा. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात भिजवून उघड्यावर पसरा.

शेवटी कायद्याचं. उभ्या झाडाचा फुगवटा कापून घेऊ नका. ती जखम मोठी असते आणि तिथून खोड कुजतं. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, हळदू, तिवस, चिंच, अंजन अशी झाडं आहेत. ती स्वतःच्या शेतातली असली तरी तोडायला परवानगी लागते. बाभूळ वाऱ्याने पडलेली असली तरी सॉमिलकडे नेण्याआधी तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक पास लागतो का ते विचारा, आणि पडलेल्या झाडाचा जागेवरचा फोटो व सातबारा उतारा सोबत ठेवा.